दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक : विवेचक गद्यातील साम्ययोजनेचा विचार

१

'दृष्टान्त हा एकदेशी असतो' असे आपल्याकडील शास्त्री-पंडित पूर्वापार बजावीत आले आहेत. मुखाला चंद्राची उपमा दिली म्हणजे मुखावर डाग आहेत, किंवा ते पंधरवड्याने क्षीण होत जाते, असे कोणी मानीत नाही. आल्हादकता एवढाच धर्म घ्यावयाचा आणि बाकीचे सोडून द्यावयाचे, हे वाचकाला सांगावे लागत नाही. ते का सांगावे लागत नाही, या प्रश्नाकडे मात्र क्वचितच लक्ष दिले जाते. त्याचे उत्तर असे की, वाचकाला चंद्र ठाऊक असतो आणि मुखही ठाऊक असते. दोन्ही वस्तू परिचयाच्या असल्यामुळे साम्य कोठे संपते हे तो स्वतःच ठरवू शकतो.

विवेचक गद्यात परिस्थिती नेमकी उलट असते. तेथे उपमान परिचित असते, पण उपमेय अपरिचित असते. किंबहुना ते अपरिचित आहे म्हणूनच लेखक उपमानाकडे वळतो. ज्या वाचकाला उपमेयाची ओळखच नाही, त्याने उपमानाचे कोणते धर्म घ्यावे आणि कोणते टाकावे हे कशाच्या आधारे ठरवावयाचे? काव्यवाचक जी काटछाट सहज करतो, ती शास्त्रवाचकाला करता येत नाही. ती लेखकाने करून द्यावी लागते. ही जबाबदारी लेखक विसरला म्हणजे काय होते आणि ती पार पाडण्याची पद्धत कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा केवळ शैलीचा प्रश्न नाही हे ध्यानात यावे म्हणून एक व्यवहारातले उदाहरण घेऊ. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील उमापूर व त्याच्या आसपासचा टापू गोदावरीच्या दक्षिणेस येतो. पावसाचा भरवसा नाही आणि शेतीचा मोठा भार विहिरी व बोअर यांवर, अशी या भागाची स्थिती आहे. पाण्याविषयीच्या प्रचारसाहित्यात एक उपमा सर्रास आढळते : भूजल म्हणजे बँकेतील ठेव, जेवढे काढाल तेवढे भरले पाहिजे. उपमा सुटसुटीत आहे. जमा आणि खर्च यांचा मेळ बसला पाहिजे, हा तिचा हेतू रास्त आहे. पण उमापूरच्या शिवारातील एखादा शेतकरी ती वाचतो तेव्हा बँकेविषयी त्याला जे ठाऊक आहे ते सर्वच त्या उपमेबरोबर त्याच्या मनात येते. बँकेत प्रत्येकाचे खाते वेगळे असते. शेजाऱ्याने कितीही रक्कम काढली तरी आपली शिल्लक घटत नाही. पासबुक उघडले की शिल्लक किती ते कळते. या तिन्ही गोष्टी बँकेबद्दल खऱ्या आहेत आणि भूजलाबद्दल तिन्ही खोट्या आहेत. आपल्या शेताखालचे पाणी हे आपले खाते, अशी ज्याची समजूत झाली, तो बोअर आणखी खोल नेताना शेजाऱ्याच्या विहिरीचा विचार कशाला करील? उपमेने एक सत्य सांगितले आणि न सांगता तीन असत्ये सोबत पाठविली.

२

या दोषावरचा उपाय मराठी गद्याच्या आरंभकाळातच योजलेला आढळतो, आणि तोही याच गोदावरीच्या खोऱ्याशी निगडित अशा परंपरेत. उमापूरच्या वायव्येस पैठण आहे. तेराव्या शतकात चक्रधरांचा संचार या गोदाकाठी झाला. त्यांचे निरूपण शिष्यांनी जतन केले. म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र' हे त्याचे सर्वज्ञात फळ होय. चक्रधरांनी निरूपणात सांगितलेले दृष्टान्त केसोबासांनी एकत्र केले, तो ग्रंथ म्हणजे 'दृष्टान्तपाठ'. त्यात ११४ दृष्टान्त आहेत.

या ग्रंथाची बांधणी आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. प्रत्येक प्रकरणाचे तीन घटक आहेत : सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक. सूत्र म्हणजे सांगावयाचा सिद्धान्त. दृष्टान्त म्हणजे लोकव्यवहारातील प्रसंग किंवा लहानशी गोष्ट. आणि दार्ष्टान्तिक म्हणजे त्या गोष्टीतील कोणती बाब सिद्धान्तातील कोणत्या बाबीला लावावयाची याचा उलगडा. यांपैकी सूत्र व दृष्टान्त चक्रधरांचे आणि दार्ष्टान्तिक केसोबासांचे, असे मानले जाते. ही विभागणी अर्थपूर्ण आहे. चक्रधर प्रत्यक्ष बोलत होते. श्रोता समोर होता. त्याच्या चेहऱ्यावरून गोष्ट उमगली की नाही हे कळत होते, आणि न उमगल्यास तो विचारू शकत होता. निरूपण ग्रंथात उतरले तेव्हा श्रोत्याच्या जागी वाचक आला. त्याला विचारण्याची सोय नाही. बोलण्यातून लेखनात येताना जी उणीव निर्माण झाली ती भरून काढण्याचे काम दार्ष्टान्तिक करते. केसोबास संस्कृतचे जाणकार होते, आणि संस्कृतात लिहू पाहणाऱ्या त्यांना नागदेवाचार्यांनी मराठीकडेच वळविले, असा प्रसंग 'स्मृतिस्थळा'त आलेला आहे. सामान्य स्त्री-पुरुषांना ज्ञान अंतरू नये, ही त्यामागील चिंता होती. दार्ष्टान्तिकाची योजना त्याच चिंतेला धरून आहे.

दार्ष्टान्तिकावाचून दृष्टान्त किती अनिश्चित राहतो, याचा पडताळा त्या ग्रंथातील प्रसिद्ध गोष्टीवरून घेता येतो. जन्मांध माणसे हत्ती चाचपतात. ज्याच्या हाती जो अवयव लागला तेवढाच हत्ती, असे तो म्हणतो. ही गोष्ट एकट्या महानुभावांची नाही. पाली वाङ्मयातील 'उदान' या ग्रंथात ती आहे, आणि जैनांच्या अनेकान्तविचाराच्या विवरणातही तिचा उपयोग केलेला आहे. गोष्ट एकच, पण ती सर्वत्र एकच गोष्ट सिद्ध करीत नाही. 'उदाना'त भर आहे तो आंधळ्यांच्या भांडणावर : ज्यांनी पाहिलेच नाही ते मतांसाठी हातघाईवर येतात. जैन विवरणात भर आहे तो प्रत्येकाच्या हाती काही खरे लागले आहे यावर : चूक स्पर्शात नाही, 'एवढेच' म्हणण्यात आहे. महानुभाव निरूपणात भर आहे तो एकदेशाचे ज्ञान आणि समग्राचे ज्ञान यांतील अंतरावर : डोळस माणूसच हत्ती पूर्णपणे जाणतो. एकाने त्यातून वादाची निंदा काढली, दुसऱ्याने प्रत्येक दृष्टीला मर्यादित मान्यता दिली, तिसऱ्याने पूर्ण ज्ञात्याची आवश्यकता दाखविली.

यावरून निष्कर्ष निघतो तो असा : दृष्टान्ताचा अर्थ दृष्टान्तात नसतो, तो दार्ष्टान्तिकात असतो. गोष्ट सांगून लेखक थांबला, तर वाचक आपल्या मनातील दार्ष्टान्तिक तिला जोडतो, आणि ते लेखकाचे असेलच असे नाही.

३

प्राचीन शास्त्रकारांना हे ठाऊक होते. गौतमाच्या न्यायसूत्रांत दृष्टान्त हा सोळा पदार्थांपैकी एक आहे. त्याच्या लक्षणाचा आशय असा की, ज्या बाबतीत सामान्य माणसाची आणि परीक्षकाची बुद्धी सारखी चालते ती बाब दृष्टान्त होय. या लक्षणात लेखकासाठी दोन कसोट्या आहेत. उपमान सामान्य वाचकाला ठाऊक असले पाहिजे, ही एक. त्याविषयीची सामान्याची समजूत जाणकाराच्या ज्ञानाशी जुळली पाहिजे, ही दुसरी. आणि ती आपण बहुधा विसरतो. मानवी मेंदूला संगणकाची उपमा देणाऱ्याच्या वाचकाला संगणकाचे अंतरंग ठाऊक नसेल, तर एका अज्ञाताने दुसऱ्या अज्ञाताचा उलगडा होत नाही, केवळ ओळखीचा भास होतो.

नैयायिकांच्या पंचावयव वाक्यातही हाच विवेक दिसतो. प्रतिज्ञा, हेतु, उदाहरण, उपनय आणि निगमन असे ते पाच अवयव. पर्वतावर अग्नी आहे, कारण धूर आहे; जसे स्वयंपाकघरात. हे उदाहरण झाल्यावर लगेच निगमनाकडे उडी घेतलेली नाही. मध्ये उपनय आहे : 'तसाच हा पर्वतही धूरयुक्त आहे.' उदाहरणातील संबंध प्रस्तुत विषयावर आणून बसविण्याचे काम उपनय करतो. स्वयंपाकघरातील चूल, भांडी किंवा अन्न यांपैकी काहीही पर्वतावर न्यावयाचे नाही. धूर आणि अग्नी यांचा संबंध तेवढा न्यावयाचा आहे. उपनयाचे हे कार्य आणि दार्ष्टान्तिकाचे कार्य एकाच जातीचे आहे.

अलंकारशास्त्राकडे पाहिले तर उपमेची चार अंगे सांगितलेली आहेत : उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द. यांपैकी एखादे किंवा अधिक अंगे गाळली असता लुप्तोपमा होते, आणि काव्यात ती शोभते. कारण गाळलेले अंग रसिकाने भरून काढावे यातच आनंद आहे. विवेचक गद्यात मात्र साधारण धर्माचा लोप हा दोषच ठरतो. रूपकाची गोष्ट याहून नाजूक आहे. 'जणू', 'सारखे', 'प्रमाणे' हे शब्द वाचकाला सतत आठवण देत असतात की, येथे दोन वस्तू आहेत. रूपकात अभेद सांगितल्यामुळे ती आठवण नाहीशी होते. म्हणून शास्त्रीय लेखनात उपमेपेक्षा रूपक अधिक जपून वापरावे लागते.

अलीकडील मानसशास्त्रीय प्रयोगांनीही या जुन्या विवेकाला दुजोरा दिला आहे. १९८० साली मेरी गिक आणि कीथ होलिओक यांनी आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत विद्यार्थ्यांना प्रथम एका किल्ल्याची गोष्ट वाचावयास दिली : एका वाटेने मोठी फौज नेता येत नाही, म्हणून सेनापती लहान तुकड्या अनेक वाटांनी पाठवून त्या एकाच वेळी किल्ल्यापाशी आणतो. नंतर एक वैद्यकीय कोडे घातले : तीव्र किरणांनी शरीरातील गाठ नष्ट होते, पण वाटेतील निरोगी भागही जळतो, मग उपाय काय? क्षीण किरण अनेक दिशांनी गाठीवर केंद्रित करणे, हे त्याचे उत्तर गोष्टीतच दडलेले होते. तरीही त्या गोष्टीचा उपयोग करा असे न सांगता उत्तरापर्यंत पोहोचलेले विद्यार्थी थोडेच होते. तसे सुचविल्याबरोबर बहुसंख्यांना ते सापडले. दृष्टान्त हाती असणे आणि तो लागू करता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

४

दृष्टान्त निवडला म्हणजे विचाराची वाटही काही अंशी निवडली जाते. विद्युत्शास्त्रात हे चांगले दिसते. मराठीत आपण विजेच्या 'प्रवाहा'विषयी बोलतो आणि तिच्या 'दाबा'चाही उल्लेख करतो; म्हणजे पाण्याचा दृष्टान्त परिभाषेतच मुरला आहे. दुसरा एक दृष्टान्त गर्दीचा : अरुंद दरवाजांतून माणसांचे लोंढे पुढे सरकत आहेत अशी कल्पना. डेड्रे जेंटनर आणि डोनाल्ड जेंटनर यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, ज्या विद्यार्थ्यांच्या मनात पाण्याचे चित्र होते त्यांना विद्युत्घटांच्या जोडणीचे प्रश्न अधिक चांगले सुटत. ज्यांच्या मनात गर्दीचे चित्र होते त्यांना रोधांच्या जोडणीचे. कारण उघड आहे. पाण्याच्या टाक्या एकावर एक ठेवल्या तर दाब वाढतो, शेजारी ठेवल्या तर वाढत नाही. घटांचेही तसेच आहे. पण शेजारी शेजारी दोन दरवाजे उघडले म्हणजे अधिक माणसे बाहेर पडतात, ही गोष्ट गर्दीच्या चित्रात जितकी चटकन दिसते तितकी पाण्याच्या चित्रात दिसत नाही. दोन्ही दृष्टान्त खरे आणि दोन्ही अपुरे. शिवाय नळी कापली तर पाणी सांडते. तार कापली तर वीज सांडत नाही, प्रवाह थांबतो. ज्याला ही मर्यादा सांगितली नाही, त्याची चूक त्याच्या बुद्धीची नसून शिकविणाराच्या दृष्टान्ताची असते.

थोर शास्त्रज्ञांनाही हा प्रश्न टळला नाही. १८५९ साली डार्विनने 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' प्रसिद्ध केला, तेव्हा 'नैसर्गिक निवड' ही संज्ञा त्याने पशुपालकांच्या व्यवहारावरून घेतली. पशुपालक हवे ते नर-मादी राखतो आणि नको ते वगळतो. निसर्गातही तसेच काही घडते, हा दृष्टान्त. परंतु 'निवड' म्हटली की निवडणारा आला. निसर्ग जाणूनबुजून निवडतो असा अनेकांचा समज झाला. १८६१ च्या तिसऱ्या आवृत्तीत डार्विनला या आक्षेपाचे निरसन करावे लागले. १८६६ साली वॉलेसने पत्र लिहून हीच अडचण मांडली आणि हर्बर्ट स्पेन्सरची 'योग्यतमाचे टिकणे' ही संज्ञा सुचविली. डार्विनने ती १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत पहिलीच्या जोडीला घेतली. पण या संज्ञेनेही आपली अडचण आणली : 'योग्य' या शब्दातील स्तुतीचा अर्थ घेऊन ती समाजातील बलवानांच्या समर्थनासाठी वापरली गेली. एका रूपकाचा दोष काढावयास आणलेल्या शब्दातून दुसरा दोष उत्पन्न झाला.

याच्या उलट मॅक्सवेलचे उदाहरण आहे. १८५५-५६ मध्ये फॅरडेच्या बलरेषांवर लिहिताना त्याने एका काल्पनिक द्रवाच्या प्रवाहाचा दृष्टान्त घेतला, आणि असा द्रव वस्तुतः अस्तित्वात आहे असे आपले म्हणणे नाही, हे त्याच निबंधात सांगून टाकले. साम्य आहे ते नियमांच्या आकारात, वस्तूंत नव्हे, ही त्याची भूमिका होती. हे त्याचे दार्ष्टान्तिकच म्हणावयाचे.

मेरी हेस या तत्त्वचिंतक विदुषीने १९६३ च्या आपल्या ग्रंथात दृष्टान्ताचे तीन भाग पाडले आहेत. त्यांना आपल्या परिभाषेत साधर्म्य, वैधर्म्य आणि अनिर्णीत असे म्हणता येईल. जे जुळते ते ठाऊक असते, जे जुळत नाही ते ठाऊक असते, आणि जे जुळते की नाही हे अद्याप ठरलेले नसते ते अनिर्णीत. संशोधकाला दृष्टान्ताचा खरा उपयोग होतो तो या तिसऱ्या भागात, कारण नवे प्रश्न तेथून निघतात. मात्र पहिले दोन भाग वेगळे केल्यावाचून तिसरा भाग दिसत नाही.

५

भौतिक शास्त्रांची ही उदाहरणे पाहून भाषा-साहित्याच्या अभ्यासकाला वाटेल की, ही अडचण आपली नाही. वस्तुतः ती आपलीच अधिक आहे, कारण आपल्या विषयातील कितीतरी सिद्धान्त रूपकांच्याच रूपाने मांडलेले असतात आणि ती रूपके आहेत हे आपण विसरलेलो असतो.

भाषांचे 'कुल', मराठीचा 'जन्म', तिच्या 'भगिनीभाषा' हे शब्द आपण निःशंकपणे लिहितो. ऑगस्ट श्लायखर याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास भाषांचा संबंध वृक्षाच्या आकृतीने दाखविला. त्या आकृतीने तौलनिक अभ्यासाला मोठी मदत केली. पण फुटलेल्या फांद्या पुन्हा एकमेकींत मिसळत नाहीत, हा वृक्षाचा धर्मही तिच्याबरोबर आला. १८७२ साली योहानेस श्मिट याने लाटांचा दृष्टान्त पुढे ठेवला : भाषेतील बदल पाण्यावरील वर्तुळांप्रमाणे पसरतात आणि एकमेकांना छेदतात. मराठवाड्याच्या बोलींचा अभ्यास करणाराला या दोन दृष्टान्तांतील भेद पदोपदी जाणवेल. येथील मराठीच्या शेजारी कन्नड व तेलुगू आहेत. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात असल्यामुळे फारशी-उर्दू शब्दांचा व्यवहार येथे दीर्घकाळ राहिला. केवळ वृक्षाचे चित्र मनात धरणाराला हे सारे 'बाहेरचे मिश्रण' वाटेल. लाटांचे चित्र धरणाराला ते भाषेच्या जीवनाचा स्वाभाविक भाग वाटेल. सामग्री तीच, पण रूपक बदलताच तिचे मूल्यमापन बदलते. तसेच भाषेचा 'जन्म' म्हटला की जन्मतिथी शोधण्याचा मोह होतो. पण ज्या अर्थाने मूल जन्मते त्या अर्थाने भाषा एके दिवशी जन्मत नाही.

'साहित्य हा समाजाचा आरसा आहे' हे वाक्य तर प्रबंधांच्या प्रस्तावनांतून नित्य भेटते. आरशाचे धर्म कोणते? समोर असेल ते सर्व तो दाखवितो, निवड करीत नाही. आणि समोर नसलेले काही तो दाखवू शकत नाही. लेखक तर निवड करतो, वगळतो, आणि कधीही न घडलेल्या गोष्टी लिहितो. शिवाय आरसा त्याच्यासमोरील माणसाला बदलीत नाही. साहित्य समाजाला बदलू शकते, अशी तर याच प्रबंधांची पुढील प्रकरणांत मांडणी असते. पहिल्या प्रकरणातील रूपक पाचव्या प्रकरणातील निष्कर्षाशी असे भांडत असते. हा विरोध परीक्षकाने दाखवून देण्यापूर्वी लेखकाच्या ध्यानात यावयास हवा.

६

प्रत्येक दृष्टान्त अपुरा असेल तर लेखकाने करावे काय? दृष्टान्त सोडून द्यावा, हे उत्तर सोपे असले तरी ग्राह्य नाही. अपरिचिताकडे जाण्याचा मार्ग परिचितातूनच जातो. या बाबतीत ज्ञानेश्वरांची रीत पाहण्यासारखी आहे. 'ज्ञानेश्वरी'ची रचना उमापूरपासून पश्चिमेस असलेल्या नेवासे येथे, शके १२१२ म्हणजे १२९० साली झाली. एका प्रमेयासाठी एकापाठोपाठ एक दृष्टान्त देण्याची तिची पद्धत सर्वांना ठाऊक आहे. तिला नुसते काव्यवैभव म्हणून पाहिले जाते. परंतु विवेचनाच्या दृष्टीनेही तिला कारण आहे.

वेदान्तातील नेहमीचे तीन दृष्टान्त शेजारी ठेवून पाहावे. ब्रह्म आणि जग यांचा संबंध सांगावयाचा आहे. सोने आणि अलंकार म्हटल्याने द्रव्य एकच आणि आकार अनेक, हे कळते. पण अलंकार घडवावयास सोनार लागतो, आणि तो सोन्याहून वेगळा असतो. सागर आणि तरंग म्हटल्याने हा बाहेरचा सोनार गळून पडतो. पण तरंग हा सागराचा एक भाग आहे आणि सागर खरोखरच हलतो, अशी नवी समजूत होते. दोरी आणि सर्प म्हटल्याने दोरीत काही बदल झालेला नाही हे स्पष्ट होते. पण जग हे केवळ भीतिदायक भ्रम आहे असे वाटू लागते, आणि त्यावर पुन्हा सोन्या-अलंकाराचा दृष्टान्त उपयोगी पडतो. प्रत्येक दृष्टान्त दुसऱ्याचा जादा आलेला धर्म छाटून टाकतो. सर्वांत मिळून जे समान उरते तेवढेच प्रमेय. अनेक दिव्यांच्या मध्ये उभे राहिल्याने कोणतीही एक सावली गडद राहत नाही, तसा हा प्रकार आहे. अर्थात् दिव्यांची संख्या वाढविली म्हणजे सावल्या आपोआप नाहीशा होत नाहीत. दिवे निरनिराळ्या बाजूंस असावे लागतात. एकाच धर्मासाठी चार दृष्टान्त दिले तर तो नुसता विस्तार होतो. म्हणून दुसरा दृष्टान्त देण्यापूर्वी लेखकाने स्वतःस विचारावे : पहिल्याची कोणती उणीव हा भरून काढतो?

७

आता या विवेचनाच्या आधारे उमापूरच्या शिवारातील प्रश्नाकडे परत जाऊ आणि भूजलाचा दृष्टान्त नव्याने बांधून पाहू. सांगावयाचे सूत्र असे : जमिनीखालचे पाणी मर्यादित आहे आणि ते सामाईक आहे.

यातील पहिल्या अर्ध्या भागासाठी बँकेची उपमा चालेल. पण तिचे दार्ष्टान्तिक लिहिले पाहिजे. पाऊस मुरतो ती जमा, उपसा हा खर्च. जमेपेक्षा खर्च सतत अधिक झाला तर शिल्लक संपते. साम्य येथपर्यंतच. येथे प्रत्येकाचे वेगळे खाते नाही आणि शिल्लक सांगणारे पासबुकही नाही.

दुसऱ्या अर्ध्या भागासाठी दुसरा दृष्टान्त हवा. समजा, धान्याने भरलेली एक मोठी कणगी आहे आणि तिला निरनिराळ्या उंचीवर भोके पाडलेली आहेत. प्रत्येक घर आपापल्या भोकातून धान्य काढते. धान्याची पातळी उतरू लागली की सर्वांत वरचे भोक प्रथम कोरडे पडते, आणि सर्वांत खालच्या भोकाला शेवटपर्यंत धान्य मिळते. मग प्रत्येक जण आणखी खाली भोक पाडू लागतो. कणगीतील धान्य त्यामुळे एका दाण्यानेही वाढत नाही. ते लवकर मात्र संपते. दार्ष्टान्तिक असे : कणगी म्हणजे शिवाराखालील पाणी धरणारा थर, भोके म्हणजे विहिरी आणि बोअर, वरचे भोक कोरडे पडणे म्हणजे उथळ विहीर आटणे, नवे भोक पाडणे म्हणजे अधिक खोल बोअर घेणे.

येथेही वैधर्म्य सांगितल्यावाचून लेखकाने थांबू नये. कणगी आतून एकसंध असते. दख्खनचा काळा खडक तसा नाही. पाणी असते ते मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत. त्यामुळे शेजारच्या दोन विहिरींचा संबंध असेलच असे नाही, आणि दूरच्या दोन विहिरींचा असू शकेल. कणगी वर्षातून एकदा हाताने भरता येते. खडकात पाणी किती मुरेल हे पावसावर, मातीवर आणि उतारावर अवलंबून असते. खोलवरच्या भेगांत पाणी आणखी हळूहळू पोहोचते. हे वैधर्म्य सांगितल्याने दृष्टान्त दुबळा होतो असे कित्येकांस वाटते. अनुभव उलट आहे. आपल्या शिवारात शेजारच्या विहिरीला पाणी असताना आपली कोरडी राहिलेली ज्याने पाहिली आहे, तो कणगीचा दृष्टान्त ऐकताच शंका काढील. लेखकाने ती शंका आधीच मान्य केली असेल, तर उरलेल्या म्हणण्यावर त्याचा विश्वास बसेल. कायद्यालाही पाण्याचे हे सामाईकपण ओळखावे लागले. पिण्याच्या पाण्याच्या रक्षणासाठी महाराष्ट्राने १९९३ साली जो भूजल अधिनियम केला, त्यात सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या स्रोतापासून ५०० मीटरांच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घेण्यास मनाई केली होती. वेगवेगळ्या खात्यांची कल्पना मनात असेल तर हे अंतर अन्यायाचे वाटते. कणगी मनात असेल तर त्याचे कारण समजते.

प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी या चर्चेतून काही प्रश्न हाती येतात. लेखनात दृष्टान्त आला की ते क्रमाने विचारावे. माझे सूत्र दृष्टान्तावाचून एका वाक्यात मला लिहिता येते काय? येत नसेल, तर दृष्टान्त विचाराची जागा भरून काढीत आहे. उपमान माझ्या वाचकाला ठाऊक आहे काय, आणि त्याला जे ठाऊक आहे ते खरे आहे काय? कोणता संबंध मी तेथून येथे आणीत आहे? उपमानाचे कोणते धर्म येथे आणावयाचे नाहीत, आणि ते मी लिहिले आहे काय? ही उपमा काढून टाकली तर माझा युक्तिवाद उभा राहतो काय? शेवटचा प्रश्न सर्वांत कठोर आहे. दृष्टान्ताने सिद्धान्त उजळतो, सिद्ध होत नाही. त्याला प्रमाणाचा आधार वेगळा द्यावाच लागतो.

केसोबासांनी चक्रधरांच्या वचनांखाली दार्ष्टान्तिके लिहिली, तेव्हा त्यांच्या समोर विद्वान वाचक नव्हता. ज्याला विचारावयास गुरू जवळ नाही असा कोणीही साधा माणूस होता. संशोधनपर लेखन करणाऱ्यांनीही तोच वाचक समोर ठेवावा. उमापूरच्या शेतकऱ्याला बँकेची उपमा देऊन लेखक निघून जातो. तिचा अर्थ लावण्याचे काम शेतकऱ्यावर पडते, आणि तो चुकीचा लागला तर त्याची किंमत विहिरीच्या तळाशी मोजली जाते. ते काम आपल्या अंगावर घेणे, दृष्टान्ताखाली दोन ओळींचे दार्ष्टान्तिक लिहिणे, हे विवेचक लेखकाचे कर्तव्य होय.